बोळीकडचा पंखा

आमच्या घराच्या मागच्या खोलीचा मला राग आहे आणि तो मी कधी लपवला नाही. त्या खोलीत माझा नवरा लोखंडाचं काम करतो. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, विहाराच्या दारावर बसवायची चक्रं. करतो चांगलं, त्यात वाद नाही. पण ग्राइंडर चालला की लोखंडाची जी भुकटी उडते ती कुठंकुठं जाते हे मला विचारा. कणीक मळायला घेतली की परातीत. वरणाच्या गंजात. उशीच्या अभ्र्यात. पौर्णिमेला विहारात नेसायची पांढरी साडी धुऊन वाळत घातली की संध्याकाळी तिच्यावर तांबडे ठिपके. ते ठिपके घालवून दाखवील त्याला मी ती साडी देऊन टाकीन.

साडी गेली चुलीत. माझं भांडण साडीसाठी नव्हतंच, नवऱ्याच्या छातीसाठी होतं.

उभी हयात त्यानं रायपूरबाहेरच्या एका पोलाद कारखान्यात फिटर म्हणून घातली. रिटायर झाला तेव्हा एक शाल आणि एक खोकला घेऊन घरी आला. शाल पेटीत पडली, खोकला काही जाईना. शेवटी मी त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलला. "दीदी, जितना गया, वो गया. वो वापस नहीं आएगा. जो बचा है उसको बचा लो. धूल बिलकुल नहीं, नहीं तो आगे ऑक्सिजन लगाके बैठना पड़ेगा."

परत येताना ह्यानं गोलबाजारात ऑटो थांबवायला लावला. मला वाटलं, औषध घ्यायचं राहिलं असेल. हा बाबा हातात ग्राइंडरची नवी चाकं घेऊन परत आला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑटोवाल्यासमोरच मी सुरू झाले.

"काय आयकून आले तुमी आत्ता? कान हायेत का भोकं?"

"आयकलं ना. पण विहाराच्या कठड्याचं काम धरलं आहे. घरी बसून काय करू मंग? भिंती पाहू?"

"भिंती पाहा. निदान जिवंत राहून पाहान."

तो हसला आणि हसता हसता खोकला. काम तो सोडणार नाही हे मला तेव्हाच कळून चुकलं. मग मी ठरवलं की माणूस नाही हलत तर धूळ हलवायची. त्या दिवसापासून त्या खोलीतल्या धुळीचा कारभार माझ्याकडं आला. कोणी दिला नाही, मीच घेतला.

पहिले मास्क. चांगला जाड, दोन्ही बाजूंना गोल डबे असलेला. तो खिळ्यावर टांगलेला असायचा आणि हा उघड्या तोंडानं घासत बसायचा. का, तर म्हणे मास्क लावला की जीव गुदमरते. मग मी फरशीवर पाणी शिंपडायला लागले. लोखंडावर पाणी आलं म्हणून त्यानं बोंब मारली. मग दाराला ओली पोती टांगली. त्यानं घराचं थोडं भलं झालं, पण धूळ खोलीत आणि हा धुळीत. मग घरातलं झाडझूड करायचं व्हॅक्यूमचं मशीन मी त्याच्या शेजारी नेऊन लावलं. ग्राइंडरच्या ठिणग्या त्यानं अशा आत ओढल्या की पोटातली कागदी पिशवी धुमसायला लागली. मी वायर उपटली आणि मशीन अंगणात फेकलं. भाजलेल्या हातावर फुंकर मारत मी त्याला शिव्या देत होते आणि तो ग्राइंडर हातात धरून मला म्हणतो, "ठिणग्या जातीन तिकडं ते मशीन चालत नाही वं, मले विचारायचं ना." आता बोला!

कामाला आलं ते एकच, जुन्या स्पीकरमधलं चुंबक. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि फरशीवरून फिरवायचं. काळी भुकटी पिशवीला चिकटून येते. मग पिशवी उलटी करून चुंबकापासून सोडवली की सगळं आतल्या आत राहतं. सकाळ-संध्याकाळ मी ते चुंबक फिरवायचे. पण खाली पडलेली धूळ ही काही शत्रू नाही. शत्रू ती, जी पडत नाही, हवेत राहते. तिला बाहेर ओढणारा पंखाच पाहिजे हे मला कळत होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तिथंच आमचे भासरे आले.

भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. वरच्या मजल्यावर राहतात. रेल्वेत विजेच्या खात्यात होते, त्यामुळं घरातला बल्बसुद्धा त्यांच्या हुकमाशिवाय बदलत नाही. सासरे गेल्यावर त्यांनी ह्याला शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न लावून दिलं, हे खरं आहे. आणि हे खरं आहे म्हणून माझा नवरा अजून त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. ते आले की उठतो, ते गेले की बसतो. दादा म्हणाले रात्र आहे तर हा भर दुपारी कंदील लावेल.

दिवाळीनंतर भासरे खाली आले, खोली पाहिली आणि म्हणाले, "एक्झॉस्ट लावतो मी. कायले चिंता करता?" मला मनापासून बरं वाटलं. पण लावायचा कुठं, ह्यावर गाडी अडली. खोलीला एक दार आहे, ते मागच्या अंगणात उघडतं. आणि एक खिडकी आहे, ती आमच्या आणि शेजारच्या भिंतीमधल्या बोळीत उघडते. बोळी अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं जावं. मी म्हटलं, पंखा अंगणाकडं लावा, तिकडं मोकळं आहे.

"अंगणात तुह्या जाऊबाईच्या वड्या वाळत असतेत," भासरे म्हणाले. "उडदा-तिळाची बिजौरी वाळत असते. त्याच्यावर लोखंड उडवते काय?"

"मंग बोळीत सोडलं तं ते जाईन कुठं दादा? पुढं आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी आहे ना."

"हवा वर जाते. गरम हवा वरच जाते. हे तुले नाही समजणार."

मी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं शिडी धरली होती आणि शिडीच्या पायऱ्यांकडं पाहत होता. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी त्याच्याकडून रोज शिकते. पंखा बोळीकडच्या खिडकीत लागला.

हिवाळा बरा गेला, हे मला कबूल करावंच लागेल. पंखा घोंघों करत काळा धूर बाहेर टाकायचा, खोलीतली हवा स्वच्छ दिसायची, थंडीमुळं आमच्या खिडक्या बंदच असायच्या. खोकला निम्म्यावर आला. विहाराचा कठडा झाला, तिथं लागलासुद्धा. भासरे येता-जाता त्या पंख्याकडं असं पाहायचे की पंखा नाही, त्यांचं पोट्टंच पहिलं आलं आहे. मीही दोनदा त्यांना चहाबरोबर भजी दिली. माझी चूक नाही, माझी माणुसकी.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. आमच्याकडं जयंती झाली की कूलर लागतात. रायपूरचा उन्हाळा हा काही सोसायचा प्रकार नाही. एप्रिलच्या शेवटाला भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कूलरच्या बाजूंना गवताच्या नव्या ताट्या भरल्या, टाकी धुतली, पंप लावला आणि कूलर खिडकीत बसवला. कोणत्या खिडकीत? आमच्या झोपायच्या खोलीला खिडकी आहे कितीशी? एकच. बोळीत उघडणारी. कूलरचं स्टँडसुद्धा नवऱ्यानंच कधीकाळी तिथं वेल्ड करून ठेवलेलं.

कूलर काय करतो? बाहेरची हवा ओढतो आणि आत फेकतो. एवढं साधं. आणि पंखा काय करत होता? आतली धूळ बाहेर फेकत होता. त्याच बोळीत. चार हातांवर. पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही, विजेच्या खात्याच्या तर नाहीच. सकाळी हा माणूस स्वच्छ हवेत लोखंड घासायचा, दुपारी जेवून कूलरसमोर आडवा व्हायचा आणि सकाळी बाहेर टाकलेलं सगळं परत छातीत भरून घ्यायचा.

खोकला वाढला. नुसता वाढला नाही, त्याची जात बदलली. खोकताना तो पलंगाची कड धरायचा. पायऱ्या चढणं सुटलं. बूढापाऱ्यात तळ्याच्या काठानं एक चक्कर मारायचा तो, तेही सुटलं, अर्ध्यातून परत यायचा आणि ओट्यावर बसून तोंड उघडं टाकून श्वास ओढायचा. मी पाहत होते आणि मला भीती वाटत होती. मला भीती वाटली की मी भांडते, तसं माझं आहे. मी सगळ्यांशी भांडत होते.

ज्याला विचारावं त्याचं निदान तयार. जाऊबाई म्हणाल्या, गर्मी चढली, आंब्याचं पन्हं द्या. पोरगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "मम्मी, एलर्जी होगी पापा को, आप टेंशन मत लो." भासरे म्हणाले, "कूलरचा गारवा छातीत बसला. त्याले सांग, कूलरकडं पाठ करून झोप." हा खरंच पाठ करून झोपायला लागला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका दुपारी कूलरचं पाणी बदलायला मी टाकी उघडली. तळाशी तांबडा चिखल. तसा तो दर वर्षी थोडा असतो, इकडचं बोअरचं पाणीच तसं. पण ह्या वेळी बोटाला खरखरीत लागला. ताटीतलं गवत पाहिलं तर बोळीकडची बाजू काळपट-तांबडी झालेली, आणि जिथं पाणी नीट पोचत नव्हतं तो कोपरा कोरडा आणि काळा. मी आत गेले, चुंबक आणलं, पिशवीत घातलं आणि टाकीत बुडवलं. बाहेर काढलं तर पिशवीला मूठभर काळं लोखंड. कोरड्या कोपऱ्यावर धरलं, तिथंही गवतातून काळे केस उभे राहिले.

माय वो! मी तिथंच फतकल मारून बसले. मग उठले आणि ते चुंबक तसंच ठिबकत नवऱ्याच्या पलंगापाशी नेलं.

"हे पाहा. हे तुमच्या कूलरात आहे. सकाळी जे घासता, दुपारी तेच खाऊन राहिले तुमी."

त्यानं चुंबक हातात घेतलं. फिटर माणूस, त्याला काय सांगायचं? भुकटी दोन बोटांत घासून पाहिली, खिडकीकडं पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं आता उठेल आणि पंखा काढेल.

"दादाले वाईट वाटंन," तो म्हणाला.

ह्या वाक्यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्यांनी ऐकलं तेवढं पुरे. मी म्हटलं, मी काढते पंखा. तर म्हणाला, "दादानं लावला, दादाच काढंन. तू हात नको लावू, माही शपथ आहे तुले." जीव जाऊन राहिला ह्याचा, आणि शपथ कसली तर पंख्याची!

मी वर गेले. भासरे पुढच्या खोलीत एसी लावून पेपर वाचत होते. मी चुंबक टीपॉयवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सुरुवात हळू केली होती, खोटं नाही सांगत.

"लोखंडाचं काम करते घरात, तं लोखंड निघंनच," ते म्हणाले. "अन् कूलरचा पत्रा कायचा आहे? लोखंडाचाच ना? तो सडून राहिला. नवा कूलर घ्या."

"तुमच्या भावाले श्वास लागून राहिला दादा. पंखा अंगणाकडं फिरवा."

"पंखा बरोबर जागी आहे. तो लहानपणापासूनच खोकते."

जाऊबाईंनी टीपॉयवरचा ओला डाग पुसला. मी खाली आले. कूलर बंद करून टाकला, तर खोलीची भट्टी झाली. नवरा घामानं निथळत उठला आणि त्यानं तो परत सुरू केला. मी बंद करायची, तो सुरू करायचा. खिडकीला ओली चादर बांधली तर हवाच येईना. पंखा लावू नका म्हटलं, तर खोलीत धूर कोंडायचा. पंखा लावला, तर कूलर. काम बंद करा म्हटलं, तर भिंती पाहायच्या नव्हत्या. असा तो मे महिना गेला. वरून एसीचं पाणी टपटप बोळीत पडायचं आणि खाली हा खोकायचा. वरपर्यंत आवाज जायचा हे मला ठाऊक होतं, कारण जिन्यात उभी राहून मी स्वतः ऐकला होता.

मग एसी बिघडला. ऐन सीझनमध्ये मेकॅनिक म्हणजे देवदर्शन, फोन उचलत नव्हता. भासऱ्यांनी पंडरीच्या बाजारात जाऊन नवा मोठा कूलर आणला. पुढच्या खिडकीत ऊन येतं म्हणून मागच्या खिडकीत बसवला. मागची खिडकी कुठं उघडते? बोळीतच. आमच्या पंख्याच्या बरोबर वर. आणि गरम हवा तर वरच जाते.

आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले आणि वाट पाहिली. मला लाज नाही वाटत.

थोड्याच दिवसांत जाऊबाई खाली आल्या, डोळे लाल. "चादरीवर काय खरखर लागते गं? घशात पण लागून राहिलं." मी चुंबक दिलं. म्हटलं, पिशवीत घालून टाकीत बुडवा. कूलर नवा आहे, पत्रा काही सडला नसेल.

त्या वर गेल्या. चहा उकळेपर्यंत भासरे खाली आले, एका हातात स्क्रू काढायचा पेचकस, दुसऱ्या हातात प्लायचा तुकडा. पेपर वाचणारा माणूस इतक्या जलद जिना उतरतो हे मला ठाऊक नव्हतं. "शिडी धर," ते ह्याला म्हणाले. ह्यानं शिडी धरली. धरताना श्वास लागला, तरी धरली. पंखा उतरला, तार कापली, खिडकीवर प्लाय ठोकला. आणि शिडीवरूनच हुकूम सुटला, "आजपासून घासकाम बंद. लोकं राहतेत या घरात."

"आतापर्यंत कोण राहत होतं दादा?" मी विचारलं.

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पंखा काखेत मारून वर निघून गेले. वाटेत म्हणाले, "वरच्या किचनले होईन कामाले."

मी अंगणात गेले. वड्यांची खाट उचलून जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन टेकवली. मग झोपायच्या खोलीतला कूलर खिडकीतून सोडवला आणि मागच्या खोलीत ओढत आणला. ओल्या गवतानं किती लोखंड धरून ठेवलं होतं ते मी पाहिलं होतं. कूलर उलटा लावायचा, तोंड अंगणाच्या दाराकडं, पाणी सुरू ठेवायचं, म्हणजे खोलीतली हवा भिजल्या गवतातून गाळून बाहेर जाईल. समोर पाण्याचं घमेलं, ठिणग्या पडायला. हे मला कोणी शिकवलं नाही आणि शिकवायला कोणी मोकळंही नव्हतं. झोपायच्या खोलीच्या उघड्या खिडकीला जाळी लावू, रात्री गच्चीवर झोपू, पण ही धूळ आता छातीत जाणार नाही, असं मी मोठ्यानं बोलत होते. वर ऐकू जावं म्हणूनच बोलत होते.

नवरा अजून त्या शिडीपाशीच होता. पायरीवर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते. प्लाय ठोकलेल्या खिडकीकडं पाहत होता. मला वाटलं काम बंद झालं म्हणून बसला आहे.

"काम बंद नाही होत तुमचं," मी म्हटलं. "उठा, पाणी भरा ह्याच्यात."

तो उठला नाही.

"दोन महिने," तो म्हणाला, आणि श्वासासाठी थांबला. "वरती आयकू जात नसंन का वं माहा खोकला?"

ज्या प्रश्नाची मी लग्नापासून वाट पाहत होते तो हाच. ह्या माणसानं एकदा तरी दादांबद्दल असं काही विचारावं, म्हणून मी किती आदळआपट केली असेल. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"जात होता," मी म्हटलं. "रोज जात होता."

त्यानं मान हलवली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्याच्या तोंडाकडं मला पाहवलं नाही, म्हणून मी बादली उचलली आणि स्वतःच पाणी भरायला गेले.